पार्किन्सन आणि भावनांची शारीरिक जाणीव

भीतीने पोटात गोळा येणे, रागाने तळपायाची आग मस्तकात जाणे, आनंदाने अंगावर काटा येणे: पार्किन्सनमध्ये (कंपवातात) या अनुभवांतही फरक पडतो. थरथर चारचौघांना दिसते, हा फरक दिसत नाही. त्यामुळे तो घरच्यांच्या उशिरा लक्षात येतो.

भावना उमटली की ठोके, श्वास, घाम, आतडी, स्नायू यांत बदल होतात आणि मेंदू ते टिपतो. यात इन्सुला या भागाचा वाटा मोठा. पार्किन्सनमध्ये डोपामिन (मेंदूत संदेश नेणारे रसायन) बनवणाऱ्या पेशी मरतात, शिवाय अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन स्वायत्त मज्जातंतूंतही, म्हणजे ठोके, घाम, पचन आपोआप चालवणाऱ्या तंतूंतही, साचते. त्यांतले हृदयाकडे जाणारे सिम्पथेटिक (ठोके वाढवणारे) तंतू झडले, तर धडधडीचा संदेशच क्षीण होऊ शकतो.

उलटही घडते. लेव्होडोपाचा (पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाचा) अंमल उतरताना, म्हणजे ‘ऑफ’ काळात, छातीत दडपण, घाम, धास्ती असे सगळे कारणाशिवाय सुरू होते. कधी कधी थरथर वाढण्याआधीच. याला ‘उगाच टेन्शन घेतात’ म्हणणे चूक आहे. आधी घड्याळ पाहावे: शेवटची गोळी किती वाजता घेतली?

चेहऱ्याचे स्नायू मंदावल्याने आणि पापण्या कमी लवत असल्याने गडकरी रंगायतनमध्ये विनोदी नाटक मनापासून आवडलेला माणूसही शेजारच्याला कंटाळलेला वाटतो. आवाजही सपाट होतो. ठाणे स्टेशनच्या गर्दीत किंवा लिफ्टचे दार मिटू लागताच घाई वाटते, पाय जमिनीला चिकटतात आणि थरथर वाढते. अशा वेळी हात ओढू नये. थांबू द्यावे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला सांगावे, मग ‘एक, दोन’ म्हणत मोठे पाऊल टाकायला सांगावे.

फिनलंडमधील संशोधकांनी 2014 मध्ये लोकांना शरीराच्या बाह्याकृतीत भावना रंगवायला लावून त्यांचे नकाशे मांडले. घरी याची साधी आवृत्ती जमते. आठवडाभर कागदावर माणसाची आकृती काढून ठेवावी; दिवसातून तीन-चारदा वेळ, आधीच्या गोळीची वेळ, भावना, शरीरातली जागा आणि 0 ते 10 तीव्रता लिहावी. ‘कसं वाटतंय?’ विचारले की ‘बरंय’ एवढेच उत्तर येते. ‘छातीत काही होतंय का, पोटात?’ असे विचारावे. दडपण रोज गोळीच्या आधी येत असेल, तर ही नोंद न्यूरोलॉजिस्टना मात्रा व वेळा ठरवायला उपयोगी पडते. दडपण वेळेशी जुळत नसेल, तर चिंता किंवा नैराश्याची वेगळी तपासणी हवी. निरुत्साह म्हणजे नैराश्यच असे नाही. पार्किन्सनमध्ये तो दुःखाशिवायही येतो.

उठताना भोवळ आली तर ती भीती म्हणून नोंदवली जाते, हा नेहमीचा घोटाळा. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना कळवावे. डाळ, दूध, पनीर यांतल्या प्रथिनांमुळे काहींना लेव्होडोपा कमी लागू पडते, म्हणून ती सहसा जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतात. गोळी परस्पर बंद मात्र कधीच करू नये: ताप आणि तीव्र ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते.