थ्रॉटल बॉडी, स्वतंत्र

अंतर्ज्वलन एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवेची स्वतःची फुलपाखरी झडप (थ्रॉटल) देणारी रचना. इंग्रजी आद्याक्षरांवरून गॅरेजांत तिला ‘आयटीबी’ म्हणतात. एका सिलिंडरच्या मोटारसायकलीत ही व्यवस्था मुळातच असते. मात्र संज्ञा वापरतात ती बहुसिलिंडरी एंजिनांपुरतीच.

उगमाबाबत एकमत नाही. एका मताने तिचे मूळ कार्ब्युरेटरात (हवेत इंधन मिसळणाऱ्या उपकरणात) आहे : वेबर कंपनीच्या आडव्या जोडनळी कार्ब्युरेटरांची एक जोडी चार सिलिंडरांच्या एंजिनावर बसवली, की प्रत्येक सिलिंडरला वेगळा घसा मिळतो. दुसरे मत अमेरिकी शर्यतींकडे बोट दाखवते. स्टुअर्ट हिलबॉर्नच्या यांत्रिक इंधन-अंतःक्षेपणात १९४०च्या दशकाच्या अखेरीसच दर सिलिंडरला स्वतंत्र नळी व झडप होती. इंधन वेगळे फवारायचे आणि झडपेने फक्त हवा रोखायची, ही आजच्या थ्रॉटल बॉडीची खूण मानल्यास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. रस्त्यावरच्या मोटारींत बीएमडब्ल्यू एम१ (१९७८) हे ठळक उदाहरण. पुढे पहिल्या एम३मध्ये चार, तर निसानच्या आरबी२६ या टर्बो (पंपाने हवा दाबून भरणाऱ्या) एंजिनात सहा थ्रॉटल आले. टोयोटाच्या वीस झडपांच्या ४ए-जीई एंजिनातही चार होते.

फायदा नेमका कशाने होतो, यावरही वाद आहे. वाढलेल्या शक्तीचे श्रेय थ्रॉटलांच्या संख्येला देण्याची प्रथा आहे. वास्तविक बराचसा वाटा नळीच्या लांबीचा असतो. चोषण झडप उघडताच नळीतून निघालेली दाबाची लाट उघड्या टोकावरून परतते. चोषण झडप मिटण्याच्या बेतात असताना ही लाट पोचली, तर सिलिंडरात जास्त हवा कोंबली जाते. नळी आखूड केली, की हा लाभ एंजिनाच्या वरच्या फेऱ्यांकडे (जास्त वेगाकडे) सरकतो. थ्रॉटलांचे स्वतःचे काम वेगळे : थ्रॉटल आणि सिलिंडर यांमधली हवा थोडी असल्याने पेडल दाबताच एंजिन उसळते. तीव्र कॅमशाफ्टमुळे (सिलिंडरच्या झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणाऱ्या दांड्यामुळे) एका सिलिंडरातून मागे फिरलेले वायू शेजारच्या सिलिंडरात शिरत नाहीत, म्हणून मंद गतीही सुधारते. टर्बो असल्यास शक्तीतला फायदा बराच झाकला जातो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला २००१पासून जोडल्या गेलेल्या स्कोडांपैकी टर्बो गाड्यांवर ही रचना बसवल्यास हेच लागू पडेल.

आधुनिक एंजिनावर बसवताना लोखंडकामापेक्षा इलेक्ट्रॉनिक्स जड जाते. चार सिलिंडरी मोटारसायकलींचे जुने संच अंतर बदलून वापरता येतात. सिलिंडर हेडला जुळणारी ॲल्युमिनियमची पट्टी व्हीएमसीवर (संगणकचलित कापण्याच्या यंत्रावर) कापून मिळते. पण मूळ ईसीयू (एंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) विजेवर चालणाऱ्या एकाच थ्रॉटलवर बेतलेला असतो, त्यामुळे बहुधा स्वतंत्र प्रोग्रॅम होणारा ईसीयू लागतो. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) निर्वात दाब थ्रॉटल थोडा उघडताच नाहीसा होत असल्याने इंधन अनेकदा थ्रॉटलचा कोन व एंजिनाचे फेरे यांच्या तक्त्यावरून ठरवतात. असा तक्ता हवेच्या दाबाबाबत आंधळा असतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सु. ५७० मी. उंचीवर, नांदेड सु. ३६० मी.वर, तेवढ्याने दाबात दोनेक टक्क्यांचा फरक पडतो. वर उन्हाळ्यात ४० अंशांपलीकडची हवा विरळ होते ती वेगळीच. म्हणून दाबाचा व तापमानाचा सेन्सर टाळू नये. निर्वात दाबावर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरसाठी (ब्रेकला जोर देणाऱ्या भागासाठी) चारही नळ्यांतून बारीक नळ्या काढून एका पेटीत एकत्र आणतात, आणि मंद गतीवर प्रत्येक घशातील हवा मापकाने सारखी करतात. याला मिस्त्री ‘बॅलन्स करणे’ म्हणतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. त्यामुळे असे एंजिन बंदिस्त ट्रॅकवरच शोभते. हवेच्या नळ्यांच्या तोंडाशी असलेले उघडे कर्णे दिसायला देखणे, पण काळ्या मातीच्या फुफाट्यात फिल्टरविना चालवल्यास ती धूळ थेट सिलिंडरात जाते आणि पिस्टनच्या रिंगा घासते. स्पंजचे तेलकट फिल्टर लावल्यास वरच्या फेऱ्यांत थोडी शक्ती जाते.