आठवडा पहिला, आठवडा दुसरा: गालापागोसच्या जहाजांचा पंधरवडा कुठून आला

गेल्या मे महिन्यात माझ्या दोन मावसबहिणी, दोघीही दादरच्या, आपापली बिऱ्हाडं घेऊन पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवर जाऊन आल्या. जहाज एकच, सोळा प्रवाशांचं. केबिनसुद्धा तीच. फक्त थोरलीच्या मुलांची सुट्टी आठ दिवस आधी सुरू झाली म्हणून ती आधी गेली आणि धाकटी तिच्या पाठोपाठ. परत आल्यावर फॅमिली ग्रुपवर फोटो पडले आणि वाद पेटला. थोरलीकडे अंड्यावर बसलेले अल्बाट्रॉस होते, धाकटीकडे एकही नाही. उलट धाकटीकडे खुरटे पंख पसरून वाळवत उभा असलेला, उडता न येणारा पाणकावळा होता, जो थोरलीला दिसलाच नव्हता. पैसे दोघींनी सारखेच भरलेले. एजंटने आपल्याला गंडवलं, यावर मात्र दोन्ही घरांचं लगेच एकमत झालं.

एजंटचा यात काही दोष नव्हता. भानगड २०१२ सालच्या एका नियमाची आहे, आणि त्याचं मूळ त्याच्याही बरंच मागे जातं.

जुना इतिहास थोडक्यात. ही बेटं इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला साधारण १,००० किलोमीटरवर. १५३५ साली पनामाचा बिशप पेरूकडे निघालेला असताना वारा पडला आणि प्रवाहाने त्याचं जहाज इकडे आणून सोडलं. प्यायला पाणी मिळेना म्हणून त्याच्या माणसांनी निवडुंग चावला. माणसाला पाहून न पळणाऱ्या इथल्या पक्ष्यांना त्याने राजाला धाडलेल्या पत्रात मूर्ख ठरवलं. पुढे चाचे आले, मग व्हेल मारणारी जहाजं आली. त्यांना इथली राक्षसी कासवं म्हणजे जिवंत रसद वाटली, कारण कासव जहाजाच्या तळघरात उलथं करून टाकलं तरी अन्नपाण्याविना महिनोन् महिने जगतं. अशी एक लाखाहून अधिक कासवं उचलली गेली, असा अंदाज आहे. जाताना खलाशी उंदीर आणि बकऱ्या मागे ठेवून गेले. (आपल्या अंदमानातल्या बॅरन बेटावर, जिवंत ज्वालामुखीच्या अंगावर, ब्रिटिश काळात सोडलेल्या बकऱ्यांचा वंश टिकून होता. त्या काळच्या दर्यावर्दींची ही जगभरची खोडच.) १८३२ साली इक्वेडोरने बेटं आपल्या नावावर केली. १८३५ साली डार्विन आला आणि त्याने काय पाहिलं हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं आहे, ते इथे नको.

बहिणींच्या भांडणाशी थेट संबंध आहे तो खडकाचा. समुद्रतळाखाली एका जागी तप्त खडक वर येऊन ज्वालामुखीची बेटं घडवत राहतो आणि त्याच्यावरून भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा तुकडा) ती बेटं घेऊन पूर्वेकडे सरकत जातो. त्यामुळे पश्चिमेची बेटं तरुण आणि अजून धुमसती, पूर्वेची म्हातारी आणि सपाट. पश्चिम टोकाच्या फर्नांडिनाचा उद्रेक अगदी अलीकडे, मार्च २०२४ मध्ये झाला. आग्नेयेचं एस्पान्योला तीस-चाळीस लाख वर्षांचं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा काळा खडकही ज्वालामुखीचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे एस्पान्योला कालचं पोर. अल्बाट्रॉसला धावत येऊन झेप घ्यायला सपाट जागा लागते. त्याची जवळजवळ सगळी वीण एस्पान्योलावर होते, एप्रिल ते डिसेंबर. बिनउडता पाणकावळा मात्र फर्नांडिना आणि इसाबेला सोडून जगात कुठेही नाही. तिथे खोलवरून थंड पाणी वर येतं आणि किनाऱ्यालगतच मासळी मिळते, मग उडायचं कशाला? द्वीपसमूहाची ही दोन टोकं एका आठवड्याच्या फेरीत बसवायची तर मधलं बरंच काही सोडावं लागतं.

१९५९ साली बेटांची सुमारे ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यान झाली. तोवर प्रवासी म्हणून इथे फारसं कोणी येतच नव्हतं. पाहुण्यांना जहाजावरच झोपवायचं ही कल्पना साठच्या दशकातली. निर्जन बेटावर हॉटेल बांधायचं तर पाणी, कचरा, कामगार, सगळं मागोमाग येणार. त्यापेक्षा हॉटेलच तरंगतं ठेवा, सकाळी लोकांना उतरवा, संध्याकाळी उचला. १९६९ साली ५८ प्रवाशांचं जहाज नियमित फेऱ्या मारू लागलं, तिथून आजच्या सहलींची सुरुवात धरतात.

इथे ‘क्रूझ’ या शब्दाने मुंबईकराची फसगत होते. बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या, बुफे आणि डीजेवाल्या जहाजाचं चित्र डोळ्यांपुढे येतं. गालापागोसमध्ये सर्वात मोठ्या जहाजावरही शंभरच प्रवासी चालतात, आणि बरीचशी जहाजं सोळा जणांची असतात. सोळाच का? कारण उद्यानाच्या नियमानुसार एका परवानाधारक गाइडबरोबर जास्तीत जास्त सोळा पाहुणे. सतरावा आला की दुसरा गाइड घ्यावा लागतो. पुष्कळ बेटांवर धक्का नाही. जहाज लांब नांगरतं आणि ‘पांगा’ नावाच्या छोट्या रबरी होडीतून किनारा गाठायचा. या नावावरून धाकटीच्या मुलाने आठवडाभर ‘पंगा मत ले’ करत सगळ्यांना पिडलं. शेवटचे चार हात गुडघाभर पाण्यातून चालायचे. कोकणच्या बोटीचे दिवस पाहिलेल्या आजोबांना याचं काही कौतुक वाटणार नाही. हर्णैला बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून ये-जा करायच्या, तोच प्रकार.

बेटावर पाऊल ठेवलं की आखलेल्या पायवाटेवरूनच चालायचं, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, खायला घालायचं नाही, शंखसुद्धा उचलायचा नाही. थंडीत घारापुरीच्या लाँचवर सीगलना गाठ्या उडवत वाढलेल्या पोरांना हे जड जातं. गंमत म्हणजे दोन मीटरचा नियम माणसाला आहे, समुद्रसिंहाला नाही. तो खुशाल येऊन तुमच्या सॅकवर लोळतो आणि मागे तुम्हालाच सरकावं लागतं. गट मात्र सोडता येत नाही. आजीचे गुडघे लाव्हाच्या खडकावर बोलू लागले तर ‘तुम्ही जा, मी इथे बसते’ ही सोय नाही. तिने सकाळी जहाजावरच थांबायचं. हे नियम लिहिताना कुटुंब नावाची गोष्ट कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. होते ते एकेकटे निसर्गवेडे, धडधाकट पायांचे.

संख्येची मर्यादा हे या बेटांचं जुनं दुखणं. सत्तरच्या दशकातल्या आराखड्यात वर्षाला १२,००० पाहुणे पुरेत असं म्हटलं होतं. ऐंशीच्या दशकात तो आकडा २५,००० झाला आणि तोही लवकरच मागे पडला. १९९८ साली खास कायदा आला. त्यात सागरी राखीव क्षेत्र आखलं गेलं आणि बाहेरून येऊन राहण्यावर निर्बंध आले. जहाजांवरच्या खाटांची संख्या जवळपास गोठवलेली होतीच. त्यामुळे त्यानंतर जी वाढ झाली ती बहुतेक सगळी किनाऱ्यावर, गावांत राहणाऱ्या पाहुण्यांची. २००७ साली युनेस्कोच्या यादीत या जागतिक वारशावर ‘धोक्यात’ असा शिक्का बसला. घुसखोर प्रजाती, वाढतं पर्यटन आणि बेसुमार मासेमारी ही त्याची कारणं. २०१० साली शिक्का निघाला. तो इतक्या लवकर काढायला नको होता असं म्हणणारे तेव्हाही बरेच होते.

आता मुद्द्याचा निर्णय. फेब्रुवारी २०१२ पासून नियम लागू झाला की एखाद्या जहाजाने एका ठिकाणी पाहुणे उतरवले, की तेच जहाज त्या ठिकाणी चौदा दिवसांच्या आत पुन्हा जाणार नाही. त्याआधी जहाजं दर आठवड्याला तोच फेरा मारत. मुख्य विमानतळ बाल्ट्राला. तिथून खाडी ओलांडली की सांता क्रूझ (सांताक्रूझला उतरायची सवय मुंबईकराला आहेच). साहजिकच जवळच्या दोन-चार जागांवर जहाजांची रांग लागायची आणि लांबची बेटं रिकामी राहायची. गर्दी पांगवायची तर प्रत्येक जहाजाला दोन वेगवेगळे आठवडे आखायला लावायचे, हा त्यावरचा तोडगा. एक आठवडा पूर्वेचा, एक पश्चिमेचा. उत्तरेचं हेनोवेसा, जिथे लाल पायांचे बूबी झाडांवर घरटी करतात, ते ज्याला जमेल त्याच्या वाट्याला. थोरलीला पहिला आठवडा मिळाला, धाकटीला दुसरा. दोघी चौदा दिवसांच्या अंतराने गेल्या असत्या तर फोटो जुळले असते.

या नियमाला लोक ‘पंधरा दिवसांचा’ म्हणतात, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. सरकारी स्पॅनिशमध्ये तो ‘पंधरा दिवस, चौदा रात्री’ असाच आहे. इंग्रजीतल्या माहितीपत्रकात मग कुठे चौदा दिवस, कुठे पंधरा दिवस छापलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, एवढी रजा काढावी लागणार, किंवा दोन वेगवेगळे नियम आहेत. खरं तर स्पॅनिश माणूस आपल्यासारखाच मोजतो. त्याचा आठवडा बोलताना आठ दिवसांचा आणि पंधरवडा पंधरा दिवसांचा. ‘आठ दिवसांनी या’ असं दादरच्या शिंप्याने सांगितलं तर आपण सोमवारचे मंगळवारी जात नाही. पंधरवडा हा शब्द वापरला असता तर मराठी माणसाला हा नियम एका ओळीत कळला असता. आपण तो इंग्रजीतून घेतला आणि घोटाळा पदरात पाडून घेतला. शिवाय हा पंधरवडा जहाजाचा आहे, प्रवाशाचा नाही. प्रवासी चार रात्रींसाठीही चढू शकतो, फक्त त्याच्या वाट्याला त्या पंधरवड्याचा एक तुकडा येतो.

नियम चांगला की वाईट यावर अजून दोन तट आहेत. उद्यानाची बाजू सरळ आहे. पायवाट झिजते, घरट्यांजवळ माणसांची वर्दळ वाढते, आणि सत्तरच्या आसपास जागा उपलब्ध असताना सगळ्यांनी त्याच दहा जागांवर का जायचं? जहाजवाल्यांचं म्हणणं, लांबचे पल्ले म्हणजे रात्रभर इंजिन आणि जास्त डिझेल, आणि एका आठवड्यात ‘सगळं’ दाखवण्याची सोय गेली. हे रडगाणं धंद्याचं आहे हे उघड आहे. पण त्यांचा दुसरा मुद्दा मला सहज झटकता येत नाही. २०१९ साली सुमारे २ लाख ७१ हजार पाहुणे आले, आणि त्यांतले अर्ध्याहून बरेच जास्त जहाजावर नव्हे, गावांत उतरले. जहाजाच्या खाटा मोजल्या गेल्या, फेरे बांधले गेले, तळ घासून तपासले गेले. हॉटेलांच्या खाटांना तसा लगाम लागला नाही. गावातून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या बोटींचं वेळापत्रक वेगळं, आणि त्या जवळच्याच जागांना जातात. म्हणजे ज्या जागांवरची गर्दी कमी करायची होती, तिथे एका दारातून गर्दी बाहेर काढली आणि दुसरं दार उघडं ठेवलं. शिस्त लावायला सोपं गिऱ्हाईक होतं ते जहाज, म्हणून शिस्त जहाजाला लागली, असं म्हटलं तर फार चुकीचं ठरू नये.

बहिणींच्या ग्रुपवर आणखी एक भांडण झालं, ते कासवावरून. थोरलीची मुलं म्हणत होती आम्ही कासवं पोहताना पाहिली, धाकटीची म्हणत होती कासवं डोंगरावर गवत खातात. दोन्ही खरं. मराठीत जमिनीवरचं आणि समुद्रातलं, दोघांनाही आपण कासवच म्हणतो. वेळासला जाऊन पिल्लं समुद्रात सोडताना पाहिलेल्या मुलांना कासव म्हणजे समुद्राचंच. गालापागोसचं नाव ज्याच्यावरून पडलं ते मात्र जमिनीवरचं, पाण्यात टाकलं तर वाहून जाणारं. एस्पान्योलावरची या जातीची अवघी चौदा उरली होती. ती पकडून पैदास केंद्रात नेली, कॅलिफोर्नियातल्या एका प्राणिसंग्रहालयातून त्याच जातीचा एक नर परत मागवला आणि त्यांच्या पिल्लांनी बेट पुन्हा भरलं. त्या नराला २०२० साली निवृत्त करून आपल्या बेटावर सोडण्यात आलं. पिंटा बेटावरचा शेवटचा नर एवढा नशीबवान नव्हता. तो २०१२ च्या जूनमध्ये, नवे फेरे सुरू झाले त्याच वर्षी, मागे पिल्लू न ठेवता गेला.

ताजी घडामोड पैशांची. १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी पाहुण्याचं उद्यान-प्रवेशशुल्क १०० वरून २०० डॉलर झालं, बारा वर्षांखालच्या मुलांचं ५० वरून १००. १९९८ नंतरची ही पहिलीच वाढ. दोन मोठे, दोन लहान अशा घराला आधी ३०० डॉलर पडायचे, आता ६००. थोरलीचा मुलगा प्रवासाच्या तीन आठवडे आधी बारा वर्षांचा झाला, त्याचा केक त्यामुळे शंभर डॉलरने महाग पडला. मुख्य भूमीवरच्या विमानतळावर सामान तपासून सील होतं, त्यात फळं आणि बिया चालत नाहीत. मावशीने दिलेले मेथीचे दाणे तिथेच राहिले.

हे सगळं मी ग्रुपवर समजावून सांगितलं. दोघींनी फोटो एकत्र करून एकच अल्बम केला आहे आणि पाहुण्यांना तो एकाच सहलीचा म्हणून दाखवतात. एजंटचा नंबर मात्र दोन्ही घरांत अजून ब्लॉकच आहे.