काळा रुपया, धुतलेला रुपया

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदीचे अकरा रुपये असतात. काही राणी छाप, काही सातव्या एडवर्डचे, काही पंचम जॉर्जचे. दर दिवाळीला ते डब्यातून बाहेर येतात, चिंचेच्या कोळात बुडतात, रांगोळीने घासले जातात आणि पाटावर लखलखत बसतात. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात त्यांतले पाच घेऊन गेलो. टेबलामागच्या काकांनी पहिला रुपया कडेने धरला, दिव्याखाली जरासा कलता केला, सरळ केला, ठेवला. बाकीच्या चारांना तेवढाही वेळ लागला नाही. "सगळे धुतलेले आहेत," ते म्हणाले. "चांदीच्या भावाने घेईन."

खिशात एक बारावा रुपयाही होता. जुन्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखाली सापडलेला, १९०३ सालचा, काळानिळा पडलेला. दाखवायची लाजच वाटत होती. काकांनी तो कलता केला आणि मग कितीतरी वेळ कलता करतच राहिले. "याला हात लावू नका," एवढंच म्हणाले.

साल आणि राजाचा चेहरा त्यांनी ओझरताच पाहिला असेल. त्यांचं लक्ष होतं नाण्यावरून उजेड कसा सरकतो याच्याकडे. टाकसाळीत कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते, तेव्हा चांदी मळलेल्या कणकेसारखी मधून कडेकडे सरकते. हजारो नाणी पाडता पाडता या सरकण्यामुळे ठशाच्या पोलादावरच बारीक, किरणांसारख्या रेघा उमटतात आणि पुढच्या नाण्यांवर उतरतात. नुसत्या डोळ्यांना त्या वेगवेगळ्या दिसत नाहीत, पण नाणं दिव्याखाली फिरवलं की त्यांच्यावरून उजेडाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. संग्राहक याला लस्टर म्हणतात.

हातोहात फिरलेल्या नाण्यावरून ही लस्टर आधी उंचवट्यांवरची जाते, एडवर्डच्या बाबतीत गालावरची आणि कानावरची. अक्षरांच्या आडोशाला मात्र ती बराच काळ तग धरते. घासलेल्या नाण्यावरून ती सगळीकडची जाते. अशा नाण्यालाही चमक असते, पण ती ताटवाटीची चमक. कसंही वळवा, पट्टा फिरत नाही. भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसले की शंका उरत नाही. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाचा चुरा.

आता त्या काळेपणाबद्दल. आपल्या डोक्यात काळं म्हणजे मळ, आणि मळ म्हणजे बाहेरून येऊन बसलेलं काहीतरी, असं पक्कं बसलेलं असतं. चांदीच्या बाबतीत ते चुकतं. हवेत हायड्रोजन सल्फाइड वायू अगदी थोडा का होईना, असतो. उकडलेली अंडी, गटारं, लोकर, हलका पुठ्ठा अशा कुठून कुठून गंधकाची संयुगं सुटत असतात. (रुपयांच्या चळतीला रबरबँड लावून ठेवू नये ते याचसाठी. रबर टिकाऊ करताना त्यात गंधक घालतात, आणि त्याची काळी रेघ नाण्यावर उमटते.) हे गंधक चांदीच्या अणूंशी जोडलं जातं आणि सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. म्हणजे त्या काळ्या थरातली चांदी नाण्याचीच आहे. कधीकाळी ती राजाच्या गालाचा भाग होती. थर काढला की गालाचा तेवढा पापुद्रा गेला, आणि लस्टरच्या रेघा नेमक्या त्याच पापुद्र्यात असतात.

हा थर सुरुवातीला फार पातळ असतो. काही दहा नॅनोमीटर; आपल्या केसाची जाडी पन्नास हजार नॅनोमीटरच्या पुढे असते. इतक्या पातळ थरावर पडलेला प्रकाश थोडा वरून परततो आणि थोडा खालच्या धातूवरून. दोन्ही परत भेटतात तेव्हा काही रंग एकमेकांना मारतात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात, त्यामागेही हेच कारण. थर वाढेल तसा चांदीवर आधी फिकट सोनेरी रंग येतो, मग तांबूस, जांभळा, निळा, आणि बराच जाड झाला की काळा. हा क्रम ठरलेला आहे. गंधकाच्या धुरीने झटपट रंगवलेली नाणी बाजारात येतात, तेव्हा जाणकार आधी हा क्रमच तपासतात. सोनेरीला लागून एकदम गडद निळा आला, मधल्या पायऱ्या गायब असल्या, की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात ९१.७ टक्के चांदी, बाकी मुख्यतः तांबं. तो 'उजळवण्याचे' घरगुती उपाय अनेक आहेत. त्यातला शास्त्रीय म्हणून मिरवणारा म्हणजे ॲल्युमिनियमचा कागद आणि सोड्याचं गरम पाणी. इथे ॲल्युमिनियम सल्फाइडमधलं गंधक सोडवून घेतं आणि चांदी पुन्हा चांदी होते. सडक्या अंड्याचा वास येतो तो त्यामुळे. रसायनशास्त्राच्या तासाला प्रयोग झकास आहे. पण परत आलेली चांदी जुन्या जागी, जुन्या रेघांत जाऊन बसत नाही. ती सच्छिद्र, निस्तेज सायीसारखी वर राहते. चमच्याला चालेल, नाण्याला नाही.

नाण्याचा पृष्ठभाग पाहून त्याची किंमत ठरवणं आपल्याला नवीन नाही. पोतदार हे आडनावच नाणी पारखण्याच्या कामावरून आलं. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, सुरती असे अनेक रुपये एकाच बाजारात फिरत आणि एकाच्या बदल्यात दुसरा देताना सराफ बट्टा कापत. नाणं झिजलेलं असेल तरीही बट्टा. नावाला बट्टा लागतो तो याच व्यवहारातून आलेला. चांदी आतपर्यंत खरी आहे ना, हे बघायला सराफ नाण्यावर बारीकसा ठसा मारत. ज्या खुणेने तेव्हा नाण्यावरचा विश्वास वाढायचा, ती आज संग्राहकाच्या लेखी उणीव ठरते.

आजचा बट्टा आकड्यांत असतो, नाण्याच्या प्रतीला १ ते ७० मधला एक आकडा. हा आकडा विल्यम शेल्डन या अमेरिकी माणसाने १९४९ मध्ये काढला, तोही फक्त अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी. सर्वांत उत्तम नाणं सर्वांत झिजलेल्याच्या सत्तरपट किमतीचं, असा त्याचा सरळ हिशेब होता. बाजारभाव बदलले, हिशेब मोडला, सत्तर मात्र राहिले. जाता जाता सांगायला हवं: शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ होता, आणि त्याने अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून जागी स्वतःचे हलके ठेवले होते, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. प्रत ठरवायला शिकवणारा माणूस प्रत ओळखण्यात पक्का होता, एवढं खरं.

१९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकी कंपन्या सुरू झाल्या आणि प्रतवारीचा धंदा झाला. नाणं पाठवायचं, फी भरायची. तिथे एकाहून अधिक परीक्षक ते स्वतंत्रपणे पाहतात, आकडा ठरतो आणि नाणं कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होऊन परत येतं. या डबीला स्लॅब म्हणतात. ६० पासून पुढे सगळी न वापरलेली नाणी. म्हणजे ६० ते ७० या अकरा पायऱ्यांत झीज हा मुद्दाच नसतो. प्रश्न असतो टाकसाळीच्या पिशवीत नाणी एकमेकांवर आपटून किती खुणा पडल्या, त्या गालावर आहेत की कडेला लपल्यात, लस्टर किती जिवंत आहे, ठसा पूर्ण उठलाय का, आणि एकंदरीत नाणं डोळ्यांत भरतं का. या शेवटच्या प्रश्नाला मोजपट्टी नाही. १९९० मध्ये पीसीजीएसने डोळ्यांऐवजी संगणकाकडून मॉर्गन डॉलर या अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या नाण्याची प्रतवारी करून पाहिली. ते चाललं नाही.

म्हणून एकच नाणं दोनदा पाठवलं तर कधी ६४ येतात, कधी ६५. पण दुर्मीळ नाण्याच्या बाबतीत त्या एका गुणाने किंमत कित्येक पट बदलू शकते, आणि माणसं मग माणसांसारखी वागतात. ६४ चा स्लॅब फोडून नाणं पुन्हा पाठवायचं, पुन्हा फोडायचं, ६५ येईपर्यंत. कंपन्या कोणत्या प्रतीची किती नाणी पाहिली याची यादी ठेवतात. अशा फोडाफोडीत एकच नाणं त्या यादीत तीन-चार नाणी होऊन बसतं. परीक्षेत फेरतपासणीचे अर्ज करणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

खरी निराशा दुसरीच. कित्येकांचं पहिलं पाकीट परत येतं तेव्हा स्लॅबवर आकडाच नसतो. 'डिटेल्स' असा शब्द असतो आणि पुढे कारण: साफ केलेलं, रंग संशयास्पद, माळेत ओवायची कडी काढलेली. फी परत मिळत नाही. आपल्याकडच्या नाण्यांना यातली दोन कारणं हमखास लागू होतात, कारण आपण ती एक तर पुजली किंवा गळ्यात घातली. कडी जोडल्याचा डाख सोनाराने कितीही सफाईने घासून काढला, तरी कडेवर तिथली चांदी वेगळ्या पोताची दिसते.

मग लोक वळतात संवर्धनाकडे. एनजीसीची एनसीएस ही भगिनी संस्था हेच काम करते. इथेही पहिला प्रश्न तोच, नाण्यावर जे आहे ते बाहेरून आलंय की नाण्याचंच आहे? बाहेरून आलेलं काढता येतं. सर्वांत नेहमीचा नमुना म्हणजे पीव्हीसी. मऊ, विशिष्ट वास येणारं प्लास्टिक बऱ्याच अल्बमांच्या कप्प्यांत असतं. ते मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट रसायन हळूहळू पाझरतं आणि प्लास्टिक विघटित होताना आम्ल सुटतं. नाण्यावर चिकट हिरवट थर येतो. तो लवकर लक्षात आला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये विरघळून जातो, आणि ॲसिटोन चांदीला काही करत नाही. (नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी हवी, भांडं काचेचं हवं, आणि नाणं पुसायचं नाही, नुसतं वाळू द्यायचं.) उशीर झाला असेल तर आम्लाने धातू खाल्लेला असतो. तो खड्डा कुठलीच प्रयोगशाळा भरून देत नाही.

सल्फाइड काढायला आम्लात मिसळलेल्या थायोयुरियाचं द्रावण वापरतात. नाणं क्षणभर बुडवून लगेच धुतलं तर कधीकधी लस्टर शिल्लक राहते. जास्त वेळ किंवा वारंवार बुडवलं तर रेघा झिजून नाणं मेलेल्या डोळ्यासारखं दिसू लागतं. बाजारातले शंभर वर्षं जुने आणि तरी पांढरेशुभ्र असलेले बरेच डॉलर एकदा तरी या द्रावणातून गेलेले असतात, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. नीट जमलं तर त्याला संवर्धन म्हणायचं, फसलं तर साफसफाई. मला हा दुटप्पीपणा वाटतो.

आणखी एक धक्का संग्राहकांना बसतो. काळपट थर निघाला की त्याखाली दडलेले जुने ओरखडे उघडे पडतात. कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी घासलेलं नाणं पुन्हा काळं होऊन निरागस दिसत असतं. संवर्धनानंतर ते आधीपेक्षा वाईट दिसतं.

शिवराईची गोष्ट वेगळी. तांब्याचं नाणं बरीच वर्षं मातीत राहिलं की त्याचा वरचा भाग संयुगांत बदलतो; आत लालसर क्युप्राइट, वर हिरवं मॅलकाइट. 'श्री राजा शिव' ही अक्षरं बऱ्याचदा या थरातच उरलेली असतात, धातूत ती नसतातच. चिंचेतलं टार्टारिक आम्ल हा थर खातं. नाणं नव्या तांब्यासारखं लाल होतं आणि 'श्री' पुसट होते. मात्र एक हिरवा रंग घातक असतो. फिकट, भुकटीसारखा, नखाने सहज निघणारा. त्याच्या मुळाशी क्लोराइड असतं. क्युप्रस क्लोराइड दमट हवेत ऑक्सिजनशी अभिक्रिया करतं, त्यातून नवं आम्ल तयार होतं, ते पुढचं तांबं खातं आणि चक्र फिरत राहतं. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. कोकणातल्या पावसाळ्यात हा रोग फोफावतो. संग्रहालयांतले तज्ज्ञ क्लोराइड काढून टाकतात, बेंझोट्रायझोलचा लेप देतात आणि नाणं कोरड्या हवेत ठेवतात. घरी करण्यासारखं एवढंच: ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवायचं.

माझा १९०३ चा रुपया मी अमेरिकेला पाठवलेला नाही आणि पाठवणारही नाही. पुरातन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरातन वस्तू ठरते, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. प्रदर्शनांत भेटणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, किंवा माहीत असून ते बोलत नाहीत. स्लॅबमध्ये गेल्यावर नाण्याचा काळ थांबतो हाही एक गैरसमज आहे. डबी हवाबंद नसते. आत चांदी संथपणे आपले रंग बदलत राहते.

घरात वाद मात्र चालूच होता. "अरे, सगळे लखलखीत आणि हा एकच काळा? लक्ष्मीपुढे असा ठेवतात का?" आई दर वर्षी विचारायची. मी तिला सिल्व्हर सल्फाइड समजावलं, तिने चिंच भिजत घातली. शेवटी गेल्या दिवाळीला तोडगा निघाला. रुपया पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून ताटात ठेवला, आणि आईने हळदकुंकू पाकिटावर वाहिलं. बाकीचे अकरा तिने नेहमीसारखे घासले.