मुलींच्या ज्युनियर हॉकीतलं मानसिक प्रशिक्षण

मॅचमध्ये कितीही प्रेशर आलं तरी मुलीचं लक्ष बॉलवर आणि पुढच्या कामावर राहावं म्हणून केलेला रोजचा सराव म्हणजे मानसिक प्रशिक्षण, मैदानावर सगळे याला मेंटल ट्रेनिंगच म्हणतात. सब-ज्युनियरपासून २१ वर्षांखालच्या टीमपर्यंत, म्हणजे शाळेपासून कॉलेजपर्यंतच्या वयात याची गरज सगळ्यात जास्त असते, आणि नेमकं याच वयात मुलींना "टेन्शन घेऊ नकोस" एवढंच सांगून टर्फवर सोडलं जातं. टेन्शन घेऊ नकोस हे प्रशिक्षण नाही. टेन्शन आल्यावर काय करायचं, हे शिकवणं म्हणजे प्रशिक्षण.

हे कळायला शूटआउट बघावं, म्हणजे मॅच बरोबरीत राहिली की निकालासाठी एकेका मुलीने एकट्या गोलकीपरसमोर घ्यायचा प्रयत्न. बॉल २३ मीटरच्या लाइनवर, समोर एकटी गोलकीपर, शिट्टी वाजली की ८ सेकंद. एवढ्या वेळात विचार करायला जागाच नसते, त्यामुळे डावीकडून न्यायचा की गोलीला बाहेर खेचून रिव्हर्सने (स्टिक उलटी करून) मारायचा हे शिट्टीच्या आधीच ठरलेलं असावं लागतं. म्हणून प्रत्येक मुलीची ठरलेली रुटीन बसवतात : स्टिकची पकड बघायची, एक लांब श्वास सोडायचा, स्वतःशी एकच शब्द म्हणायचा ("खाली" किंवा "बघ", जो तिला जमेल तो) आणि निघायचं. गोलकीपरची रुटीन वेगळी, गोल खाल्ल्यावर पोस्टला स्टिक टेकवायची, हेल्मेट नीट करायचं आणि तिथेच तो गोल सोडून द्यायचा.

याचा सराव ताज्या पायांनी करून फार उपयोग होत नाही. सेशन संपताना, दम लागलेला असताना, बाकीची टीम दोन्ही बाजूंना उभी राहून आरडाओरडा करतेय आणि प्रत्येकीला दिवसात एकच चान्स, असं केलं की पोटात गोळा येतोच, आणि तो आलेला असताना श्वास सोडून पळायचं हेच तर शिकायचं असतं. चुकली तर परत चान्स नाही, उद्या. मॅचमध्ये तरी कुठे मिळतो?

भारतीय मुलींचा इतिहास बघितला तर हा मुद्दा लगेच पटतो. २०१३ च्या ज्युनियर वर्ल्ड कपमध्ये जर्मनीत मोन्शनग्लाडबाखला ब्राँझच्या मॅचमध्ये इंग्लंडला शूटआउटमध्ये हरवून आपण पदक आणलं, आणि २०२२ मध्ये पोचेफस्ट्रूमला परत ब्राँझची मॅच, परत इंग्लंड, परत शूटआउट, पण यावेळी एकही गोल झाला नाही आणि ०-३ ने हरलो. डिसेंबर २०२४ मध्ये मस्कतला ज्युनियर एशिया कपची फायनल चीनविरुद्ध १-१ राहिली आणि ती मात्र शूटआउटमध्ये जिंकली, गोलकीपर निधी भिंतीसारखी उभी राहिली होती.

सगळ्यात शिकण्यासारखी मॅच मात्र सीनियर टीमची, बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ २०२२ ची सेमीफायनल. शूटआउटमध्ये ऑस्ट्रेलियाचा पहिला प्रयत्न आपली गोलकीपर सविताने अडवला आणि मग सांगितलं गेलं की घड्याळच सुरू झालं नव्हतं, परत घ्या. परत घेतला तो गोल झाला, आणि तिथून शूटआउट ०-३ ने गेलं. अन्याय झाला, राग यायलाच हवा होता, पण दोनच दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत बरोबरीचा गोल खाऊनही त्याच मुलींनी शूटआउट २-१ ने जिंकून ब्राँझ घेतलं. ज्युनियर मुलींना हे दोन व्हिडिओ एकापाठोपाठ दाखवावेत असं मला मनापासून वाटतं.

बाकी पद्धती सगळ्या खेळांत असतात त्याच : डोळे मिटून मूव्ह मनात खेळून बघणं (हे किट घालून, हातात स्टिक घेऊन, टर्फवर उभं राहून केलं तर जास्त लागू पडतं), "जिंकायचंच" ऐवजी "पहिला ट्रॅप स्वच्छ" (म्हणजे आलेला बॉल स्टिकवर नीट थांबवणं) असं हातातलं ध्येय ठेवणं, झोपायच्या आधी वहीत चार ओळी लिहिणं.

मुलींच्या बाबतीत वेगळं असतं ते मैदानाबाहेरचं. फलटण भागातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ अशा मुली इंडियापर्यंत गेल्या, आणि झारखंड, ओडिशा, हरियाणातल्या कितीतरी मुली अशाच लहान वयात घर सोडून हॉस्टेलवर येतात. घरची आठवण, ट्रायलमध्ये नाव न येणं, पाळीच्या दिवसांत पोट दुखत असताना सरांना सांगायचं कसं, दहावीनंतर घरचे खेळू देतील का, हे सगळं डोक्यात घेऊन ती पेनल्टी कॉर्नरला उभी असते. म्हणून मुलींच्या कॅम्पमध्ये बोलता येईल अशी एक मॅडम किंवा सीनियर ताई असणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि सगळ्यांसमोर पाणउतारा करणारा कोच असेल तर श्वासाचे कितीही व्यायाम करून घ्या, ती मुलगी बॉल मागायचंच बंद करते.

मानसिक प्रशिक्षण म्हणजे उपचार नव्हे. मुलगी जेवत नाही, झोपत नाही, खेळ आवडेनासा झालाय, असं दोन-तीन आठवडे दिसलं तर कोचने स्वतः प्रयोग न करता पालकांशी बोलून तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.