थाळनेरचा दरवाजा आणि मालेगावचा कागद

खानदेशातले थाळनेर म्हटले की आपल्याकडे फारुकी सुलतानांच्या कबरी आठवतात. त्याच गावच्या तापीकाठच्या किल्ल्यात २७ फेब्रुवारी १८१८ रोजी, लढाई जवळपास संपलेली असताना, इंग्रज फौजेकडून होळकरांची तीनशेच्या आसपास शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरचे पगारी सैनिक, कापली गेली. किल्लेदाराला त्याच संध्याकाळी फाशी दिले.

महिदपूरला होळकरांचा इंग्रजांकडून झालेला पराभव आणि त्यानंतरचा मंदसोरचा तह सर्वांना ठाऊक आहे. तहाने खानदेश इंग्रजांना मिळाला, पण किल्ल्यांतली माणसे काही एका सहीने बदलत नाहीत. सेंधव्याचा किल्ला मुकाट्याने हाती आला, थाळनेरहून मात्र गोळ्या सुटल्या. इंग्रज सेनापतीने आत निरोप धाडला की किल्ला आता आमचा आहे, विरोध कराल तर बंडखोर ठराल. पुढचे बरेचसे या एका शब्दात आले. शत्रू शरण आला तर कैदी होतो, बंडखोराच्या वाट्याला दोर येतो.

तोफा लागल्यावर किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला. फौज एकेक दरवाजा ओलांडत शेवटच्या दरवाजाशी पोचली. आत शिबंदीतले अरब होते. दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातले छोटे दार, उघडली आणि अधिकारी मोजक्या शिपायांनिशी आत शिरले. अरब कौल मागत होते. कौल म्हणजे जिवाचे अभय, आणि पगारी शिबंदीच्या हिशेबात थकलेल्या पगाराचा निकालही. पगार हातात पडल्याशिवाय किल्ला सोडायचा नाही, ही अरबांची रीत त्या काळात सगळ्या दरबारांना माहीत होती. इंग्रजांच्या लेखी शरणागती बिनशर्त होती आणि ती किल्लेदाराने सर्वांच्या वतीने दिलेली होती. म्हणजे एका बाजूने सौदा संपलेला, दुसऱ्या बाजूने अजून सुरूच व्हायचा. एकमेकांची भाषा कळेना, हत्यारे काढून घ्यायची झटापट झाली आणि दोन अधिकारी जागीच मारले गेले. मागची फौज आत घुसली. मग कोणी कोणाला विचारले नाही.

कत्तलीचे एक वेळ समजते. फाशीचे समजत नाही. दिंडीत झटापट झाली तेव्हा किल्लेदार इंग्रजांच्या ताब्यात होता. मार्च १८१९ मध्ये विलायतेच्या संसदेत आभाराचा ठराव आला, तेव्हा सभासदांना हेच खटकले. महिदपूरच्या विजयाबद्दल आभार मानले गेले, पण थाळनेरची फाशी त्या आभारात धरू नये अशी तजवीज करून. शिक्षा कोणालाच झाली नाही.

आता मालेगाव. तीनच महिन्यांनी तिथल्या गढीला इंग्रजांचा वेढा, आत तसेच अरब, तीच रग. मे अखेरचा हल्ला फसला आणि इंग्रजांची थाळनेरपेक्षा कितीतरी अधिक माणसे पडली. चिडायला कारण हवे तेवढे होते. तरी जूनमध्ये गढी पडली तेव्हा कत्तल झाली नाही. आधी लेखी कागद गेला होता, तोही मराठीत. त्यातली भाषा इंग्रजांच्या मनात होते त्यापेक्षा सढळ उतरली. अरबांचे हित होईल तेच सरकार करील, अशा अर्थाची. पुढे वाद झाला. वरिष्ठ अधिकाऱ्याने शब्दांच्या या चुकीचा फायदा अरबांना दिला आणि त्यांना मोकळेपणी मायदेशी धाडले. थाळनेर अटळ होते म्हणणाऱ्यांना मालेगावचे उत्तर द्यावे लागेल.

अशा घटनांत सैनिकाच्या मनाचे काय होते, यावर अलीकडे बरेच लिहिले गेले आहे. तासन्‌तास साचलेली भीती समोरचा अचानक कोलमडला की उलटून अंगात येते, शेजारचा मारतो म्हणून आपणही मारतो. १८१२ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातले बादाहोस घेताना हजारो साथीदार मेले-जखमी झाल्यावर, इंग्रज सैनिकांनी दोस्त असलेल्या स्पेनचेच हे शहर दिवसचे दिवस लुटले. तिथे धर्म, वंश, वसाहत यांतले कोणतेच कारण पुरत नाही. जिनिव्हाच्या एका संस्थेचा २००४ चा अभ्यास सांगतो की युद्धाचे नियम पाठ असणे आणि ते पाळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पाळणे ठरते ते वरून आलेल्या स्पष्ट हुकमावर आणि शिक्षेच्या धाकावर. १९६८ मध्ये व्हिएतनामच्या माय लाईत अमेरिकी सैनिकांकडून शेकडो गावकरी मारले गेले आणि दोषी ठरला एक अधिकारी.

शरण आलेल्याला मारणे, ‘कोणालाही जिवंत सोडणार नाही’ असे जाहीर करणे, हे १९०७ च्या हेग कराराने निषिद्ध ठरवले. युद्धकैद्यांना संरक्षण देणारे १९४९ चे जिनिव्हा करार आले, भारताने १९६० मध्ये त्यांचा कायदा केला.

पाकिस्तानी फौजेच्या ढाक्यातल्या १६ डिसेंबर १९७१ च्या शरणागतीपत्रात जिनिव्हा कराराप्रमाणे वागणूक आणि सुरक्षिततेची हमी स्पष्ट लिहिलेली आहे. नऊ महिन्यांच्या अत्याचारांचा सूड घ्यायला अख्खे शहर टपलेले होते. म्हणून पाकिस्तानी सैनिकांची शस्त्रे लगेच काढून घेतली नाहीत, पुरेशी भारतीय फौज पोचेपर्यंत ती त्यांच्याजवळच राहिली. पुढे सुमारे ९३ हजार कैदी भारतात आणले गेले. त्याच ढाक्यात १८ डिसेंबरला, पाकिस्तानला साथ दिल्याच्या आरोपावरून पकडलेल्या काहींना कॅमेऱ्यांसमोर संगिनी भोसकून मारले. त्यांच्या रक्षणाला असा पहारा नव्हता.