जळू रक्त पिते, झडप दुरुस्त करत नाही

इंदूरला राजवाड्याजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीने तीस वर्षं उभं राहून शाळेत शिकवलं. आता तिच्या पोटरीवर निळ्या-जांभळ्या, गाठाळ शिरा फुगल्या आहेत. परवा तिला कुणी सांगितलं, "जळवा लावा, अशुद्ध रक्त निघून जाईल."

शिरांतल्या रक्ताला आपण शाळेपासून अशुद्ध म्हणत आलो. त्यात घाण नसते; ऑक्सिजन कमी असतो, इतकंच. बिघाड असतो तो शिरेतल्या झडपेत.

हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण १२० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ उभा असतो. त्याचा घोट्यावरचा दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरइतका भरतो. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात आणि शिरांतल्या नाजूक दुपाकळी झडपा ते खाली येऊ देत नाहीत. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने १६२८ मध्ये हे साध्या बोटांनी दाखवलं. हात खाली सोडून कोपराखालची ठसठशीत शीर एका बोटाने दाबा, दुसऱ्या बोटाने तिथून वरच्या दिशेने रक्त सारा आणि ते दुसरं बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो! मी हे कितीदा केलंय, तरी दर वेळी नवल वाटतं.

आमच्या सराफा बाजारात गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईमागे तासन्‌तास एका जागी उभ्या असणाऱ्या माणसाचा पोटरीचा हा पंप जवळजवळ बंद असतो. शीर ताणली की पाकळ्या एकमेकींना भिडत नाहीत, रक्त उलटं उतरतं आणि खालची झडपही ताणली जाते. जळू फार तर १५ मिलिलिटर रक्त पिईल. त्या जागी तितकंच रक्त पुन्हा उतरेल.

जळू थोतांड नाही. सुश्रुतसंहितेत तिचे बारा प्रकार दिलेत, सहा विषारी, सहा निर्विष. तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला जखडून ठेवतं. तुटलेलं बोट पुन्हा जोडल्यावर त्यात रक्त तुंबलं, तर शल्यविशारद आजही जळवा लावतात. अमेरिकेत २००४ मध्ये जळवांना अधिकृत मान्यता मिळाली. पण "सगळे रोग ओढून काढते" ही जाहिरात खोटी. तिच्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे जखम चिघळू शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्राव आवरत नाही.

मावशीला मी आधी कलर डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठे वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, करायला सांगितलंय. कुठली झडप गळते ते कळलं की ती शीर लेझरने बंद करता येते. रक्त आतल्या शिरांतून वाट काढतं. तोवर डॉक्टरांनी मापाने दिलेले घट्ट मोजे, तेही सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे, शिरा भरायच्या आत.