शिवार फेरी

शिवार फेरी : कृषी विद्यापीठाच्या किंवा संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर शेतकऱ्यांना उभ्या पिकांतून हिंडवून नवे वाण, लागवडीच्या पद्धती, अवजारे आणि कीड-रोगांचा बंदोबस्त प्रत्यक्ष दाखवण्याचा कार्यक्रम. गावठाण वगळता गावाच्या हद्दीत येणारी शेतजमीन म्हणजे शिवार. पाणलोटाच्या कामांआधी गावकरी आणि अधिकारी नाले-ओढे पाहत जो फेरफटका मारतात, त्यालाही शिवार फेरीच म्हणतात. जलयुक्त शिवार अभियानात तो शब्द घरोघरी पोचला. या नोंदीत मात्र पहिला अर्थ घेतला आहे.

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत : राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२). शिकवणे, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे कायद्यानेच त्यांच्याकडे आहेत. विस्तार म्हणजे प्रयोगशाळेतले ज्ञान बांधापर्यंत नेणे. शेतकऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द क्वचितच येतो. ते ‘मेळावा’, ‘प्रदर्शन’, ‘चर्चासत्र’ किंवा नुसते ‘विद्यापीठात जाऊन आलो’ असे म्हणतात.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी विदर्भात सर्वांत परिचित आहे. ती सप्टेंबरच्या उत्तरार्धात भरते आणि ही वेळ नेमकी साधलेली असते. तेव्हा सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात, कपाशीला बोंडे धरलेली असतात, ज्वारीच्या वाणांतला फरक उंचीवरून कळतो. तुरीत मात्र तेव्हा पाहण्यासारखे फारसे काही नसते. तिची परीक्षा डिसेंबर-जानेवारीत, मर रोगाच्या आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या दिवसांत. ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ आहे ते पंजाबराव देशमुख केंद्रीय कृषिमंत्री होते आणि १९५९-६० साली दिल्लीत भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनामागे त्यांचाच पुढाकार होता. २७ डिसेंबर ही त्यांची जयंती. अकोल्यातले मोठे कृषी प्रदर्शन त्याच सुमारास भरते.

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दोन तारखा पाळते : १८ मे, म्हणजे स्थापनादिनी, खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बी मेळावा. दोन्ही पेरणीच्या तोंडावर येतात आणि गर्दीचे खरे कारण मंडपात नसून बियाणे विक्रीच्या खिडकीवर असते. खरीप मेळाव्याच्या सकाळी भाषणे सुरू व्हायच्या आधीच तिथे रांग लागते. आधार कार्ड हातात, डोक्याला रुमाल, आणि पुढच्याला एकच विचारणा, ‘माणशी किती बॅगा देतात?’ विद्यापीठाचे बियाणे थोडे असते, मागणी फार. रांगेतला शेवटचा माणूस खिडकीशी पोचेपर्यंत हवे ते वाण बहुधा संपलेले असते, आणि मग तो मंडपात जाऊन बसतो.

शेतकऱ्याला पटते ते डोळ्यांनी पाहिलेले, एवढ्याच गृहीतकावर फेरी चालते. प्लॉटच्या तोंडाशी पत्र्याचा फलक : वाणाचे नाव, पेरणीची तारीख, अंतर ४५ × ५ सें.मी., खतमात्रा, अपेक्षित उत्पादन क्विंटल प्रति हेक्टर. हेक्टरचा आकडा वाचला की शेतकरी मनातल्या मनात अडीचने भागतो, कारण त्याचा सगळा व्यवहार एकरात असतो. फलक लावणाऱ्यांना हे इतक्या वर्षांत सुचू नये याचे नवल वाटते. त्यानंतर कुणीतरी वाकून सोयाबीनचे एक झाड मुळासकट उपटतो, शेंगा मोजतो, तीन दाण्यांच्या शेंगा वेगळ्या मोजतो, खोडाला चिरून आत खोडमाशीची लाल रेघ आहे का पाहतो. प्लॉटमधले झाड उपटू नये अशी सूचना असते. ती कुणी पाळत नाही आणि शहाणा शास्त्रज्ञ तिकडे काणाडोळा करतो.

प्रश्न धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून विचारले जातात. ‘साहेब, कापणीले आठ दिवस उशीर झाला तं शेंगा तडकते का?’ मंडपातल्या व्याख्यानात हा मुद्दा येईलच असे नाही. पण मजूर वेळेवर मिळत नाहीत त्या गावातल्या माणसाला उत्पादनाच्या आकड्याआधी हे कळायला हवे असते. परभणीच्या एमएयूएस-१६२ या सोयाबीन वाणाची चर्चा होते ती याच अंगाने : शेंगा जमिनीपासून उंचावर लागतात, म्हणून हार्वेस्टरने कापता येते. जबलपूरहून आलेले जेएस-३३५ हे वाण १९९४ सालचे. नवी वाणे दरवर्षी दाखवली गेली तरी पुढे कित्येक वर्षे ते शेतातून हटले नाही. दुसरीकडे सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रज केंद्राचे फुले संगम (केडीएस-७२६) मराठवाडा-विदर्भात पसरले ते पाहुण्या-रावळ्यांच्या हातून गेलेल्या बियाण्याने जितके, तितके कोणत्याही मेळाव्याने नव्हे.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातली कपाशी पोखरली आणि त्यानंतर कपाशीच्या प्लॉटवरची फेरी बदलली. आता तिथे आधी डोमकळी शोधायला सांगतात. अळी लागलेल्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींत गुरफटून राहतात; ती डोमकळी. ती बोटांनी सोलली की आत अळी सापडते. प्रत्येकाने स्वतः एक सोलून पाहिली की पुढच्या गोष्टी सांगायला सोपे जाते : हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे), सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ पतंग दिसले तर फवारणीचा निर्णय, आणि फरदड न घेणे, म्हणजे वेचणी संपल्यावर तेच पीक जास्तीच्या कापसासाठी शेतात न ठेवणे. शेवटची शिफारस ऐकायला सोपी आणि पाळायला अवघड आहे. फरदडीतून हाती येणारा जास्तीचा कापूस थोडा असला तरी उसनवारी फेडायला तो उपयोगी पडतो. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून मेळाव्यांत मास्क, हातमोजे आणि फवारणीचे पोशाखही मांडलेले दिसतात. उन्हात घाम गाळत ते घालून कोण फवारणी करील, हा प्रश्न दरवेळी येतो.

फेरीत दिसते ते ‘संशोधन’ आणि शेतकऱ्याला मिळते ती ‘शिफारस’, यांत बरीच वर्षे जातात. नवे वाण केंद्रावर, मग वेगवेगळ्या ठिकाणी, मग शेतकऱ्यांच्या शेतात तपासले जाते. चारही विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन व विकास समिती (बोलीत ‘जॉइंट अ‍ॅग्रेस्को’) दरवर्षी आळीपाळीने एकेका विद्यापीठात बसते आणि वाण, अवजारे, तंत्रज्ञानाच्या शिफारशी मंजूर करते. वाण अधिसूचित झाले की पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित अशा पिढ्यांनी बियाणे वाढवावे लागते. पिशवीवरचा टॅग अनुक्रमे पिवळा, पांढरा आणि निळा. या कामात राज्याच्या बियाणे महामंडळाचा, म्हणजे महाबीजचा, मोठा वाटा आहे आणि त्याचे मुख्यालयही अकोल्यातच आहे. बियाणे असे पिढ्यापिढ्यांनी वाढते, म्हणून फेरीत पाहून पसंत पडलेले वाण पुढच्या मृगात दुकानात मिळेलच याची खात्री कुणी देत नाही.

सोयाबीनचे घरचे बियाणे हा विषय २०२० नंतर प्रत्येक खरीप मेळाव्यात आला. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस लागला होता. त्यानंतर मराठवाड्यात बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला. त्यावर मंडपाबाहेर टेबल मांडून दाखवतात ती उगवण चाचणी इतकी साधी आहे की तिच्यासाठी शास्त्रज्ञाची गरज नाही. ओले गोणपाट पसरायचे, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, दुसऱ्या ओल्या गोणपाटाने झाकून गुंडाळी करायची, पाणी शिंपडत ठेवायचे आणि सात-आठ दिवसांनी मोजायचे. सत्तर उगवले तर नेहमीची मात्रा. त्याहून कमी उगवले तर बियाणे वाढवायचे. जोडीला दुसरी शिफारस : ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. ही दुसरी गोष्ट ऐकणारे मान डोलावतात आणि शेजाऱ्याने तिफण जुंपली की आपलीही जुंपतात.

कृषी विज्ञान केंद्रे हा या रचनेचा खालचा टप्पा. देशातले पहिले केंद्र १९७४ साली पुद्दुचेरीत निघाले. आता महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात ती आहेत, काही विद्यापीठांची, काही संस्थांची. आद्यरेषा पीक प्रात्यक्षिक, म्हणजे नवे वाण किंवा तंत्र दाखवण्यासाठी केलेली लागवड, विद्यापीठाच्या नव्हे, शेतकऱ्याच्याच जमिनीवर घेतात आणि पीक हाताशी आले की तिथे ‘शेती दिन’ भरवतात. ‘त्यांची जमीन भारी, त्यांना पाण्याची कमी नाही’ ही विद्यापीठाच्या प्लॉटविषयीची शंका इथे उरत नाही, कारण प्लॉट गावातल्याच ओळखीच्या माणसाचा असतो. १९८० च्या दशकात प्रशिक्षण व भेट ही विस्ताराची योजना होती. ग्रामसेवकाऐवजी खास शेतीचा कर्मचारी ठरलेल्या दिवशी, पंधरवड्याने, ठरलेल्या संपर्क शेतकऱ्यांकडे जाई. ‘संपर्क शेतकरी’ बहुधा रस्त्यालगतचा आणि सुस्थितीतला निघे, ही तिच्यावरची टीका. आजच्या फेऱ्यांत बस भरून येणाऱ्यांकडे पाहिले तरी ती पूर्ण जुनी झाली असे म्हणवत नाही. बायका शेतातली निम्म्याहून अधिक कामे करतात, पण बसमध्ये त्या थोड्या असतात. परभणीत ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीला, महिला शेतकरी मेळावा वेगळा घ्यावा लागतो तो म्हणूनच.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातली रीत निराळी. तिथे द्राक्ष बागायतदार संघाची चर्चासत्रे एप्रिलच्या खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या बेताने होतात. श्रोते वही घेऊन बसतात, संजीवकाचे (वाढीवर परिणाम करणाऱ्या द्रव्याचे) पीपीएम, म्हणजे फवाऱ्यातले प्रमाण, लिहून घेतात, वक्त्याला मध्येच अडवतात. पुण्याजवळच्या मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहेच, शिवाय बागायतदार स्वतःच्या पैशाने सल्लागार नेमतात, म्हणून त्यांना फुकटच्या भाषणाचे अप्रूप नसते. कोरडवाहू सोयाबीनवाल्याला सल्लागार परवडत नाही. त्याच्यासाठी वर्षातली ती एक फेरीच.

फेरीहून परतताना हाती असते ते : घडीपत्रिका, राहुरीची ‘कृषिदर्शनी’ किंवा अकोल्याची ‘कृषी संवादिनी’ ही दैनंदिनी, आणि मिळाली तर बियाण्याची एखादी बॅग. घडीपत्रिकेत बसमध्येच चिवडा खाल्ला जातो. दैनंदिनी मात्र घरी खुंटीला लागते; मागच्या कोऱ्या पानांवर दुधाचा हिशोब, मजुरांचे रोज आणि पेरणीची तारीख लिहिली जाते.